गोल घुमट एका दिवसात: हिशेब मिरजेच्या सूर्यास्तापासून मांडा

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात एका रविवारी कोल्हापुरातून घरच्या पेट्रोल गाडीने विजापूरला जायचं, गोल घुमट बघायचा आणि रात्री घरी परतायचं. गाडीत पाच जण. नवरा-बायको, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई. आईंचे गुडघे दुखतात. हे जमेल का, रस्ता कोणता धरावा, आलमट्टी धरणही त्याच दिवशी उरकता येईल का, आणि आईंना घुमटात वर नेता येईल का?

जमतं, आणि छान जमतं. आलमट्टी मात्र यादीतून आत्ताच काढून टाका. ते विजापूरच्या पुढे आणखी साठ-सत्तर किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन तीन तास गेले, आणि ते तीन तास तुम्ही घुमटातूनच कापून देणार. बदामीचं नाव कुणी काढलं तर त्याला सरळ मुक्कामाची बॅग भरायला सांगा.

विजापूरच्या सहलीत माणसं चुकतात ती एकाच ठिकाणी. सकाळी किती वाजता निघायचं हे ठरवतात, परत कधी फिरायचं हे ठरवत नाहीत. हिशेब उलटा मांडायचा: सूर्य मावळताना गाडी मिरजेत पोचलेली हवी. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य ६ च्या सुमाराला जातो. मिरज ते अथणी सव्वा तास, अथणी ते विजापूर दीड तास, वर चहाची पंधरा मिनिटं. म्हणजे दुपारी ३ ला विजापूर सोडायचं. हा आकडा पक्का धरला की बाकीचा दिवस आपोआप जागेवर बसतो.

मिरजच का? कारण ऊस. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. शिरोळ, कागवाड, अथणी या पट्ट्यात कारखाने दाट आहेत आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रात्रभर चालू असते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि उसाची टोकं दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी आणि खुणेला मागे चार दगड मांडलेले, हे दृश्य नवीन नाही. दिवसा यातलं सगळं लांबून दिसतं. अंधारात समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की ट्रॉली दिसते ती शेवटच्या तीस मीटरांत. मिरज ते कोल्हापूर या टप्प्यातही ऊस आहेच, पण तिथे रस्ता रुंद आहे, वस्ती आणि दिवे आहेत, आणि रस्ता तुमच्या ओळखीचा आहे.

ओव्हरटेकचा एक हिशेब चालवणाऱ्याने घरीच डोक्यात बसवून घ्यावा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून साधारण १८ मीटर. मागे-पुढे वीसवीस मीटर सोडले तर तुम्हाला ५८ मीटरची आघाडी घ्यायची आहे. ट्रॅक्टर ताशी २० ने, तुम्ही ६० ने. फरक ४० चा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पाच सेकंदांहून थोडं जास्त लागतं आणि तेवढ्यात तुमची गाडी ८७ मीटर पुढे गेलेली असते. समोरून येणाराही ६० ने असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. तेव्हा किमान २०० मीटर मोकळा रस्ता दिसत नसेल तर मागेच थांबा. आणि पुढे एकच ट्रॅक्टर आहे असं गृहीत धरू नका, ते बहुधा जोडीने चालतात. दोघांच्या मधे शिरायला जागा आहे का, हे आधी बघायचं आणि मग इंडिकेटर द्यायचा. हॉर्नवर विसंबू नका. ट्रॅक्टरवर स्पीकर इतक्या जोरात चालू असतो की तुमचा हॉर्न त्या गाण्यातलंच एखादं वाद्य वाटावं.

आता रस्ता. सरळ आणि बहुतेकांच्या सवयीचा मार्ग म्हणजे शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर, उदगावपुढे कृष्णेचा पूल ओलांडून अंकली, तिथून सांगलीत न शिरता मिरज, मग म्हैसाळ, कागवाड, अथणी, तेलसंग, तिकोटा, विजापूर. एकूण अंतर १८५ ते १९० किलोमीटर, निव्वळ चालवण्याचे चार तास. दुसरा मार्ग मिरजेहून कवठेमहांकाळच्या बाजूने चौपदरी महामार्गाने नागज फाट्यापर्यंत, तिथून जतला उतरून गुहागर-विजापूर महामार्ग. हा थोडा लांब पडतो, पण उसाचा पट्टा बराचसा चुकतो, कारण जत तालुका कोरडवाहू. जाताना अथणी आणि येताना उशीर झालाच तर जत, अशी विभागणी शहाणपणाची. निपाणी-चिकोडीवरून जायचा सल्लाही कुणीतरी देईल. कागल-निपाणीचा टप्पा झकास आहे, पण पुढे गावं, गतिरोधक आणि वळणं यांत तो फायदा संपून जातो.

निघायचं पहाटे साडेचारला. मिरज पावणेसहाला, म्हणजे पहिला अंधारातला टप्पा रुंद रस्त्यावर निघून गेला. कागवाडच्या पुढे झुंजुमुंजू होतं आणि सातला अथणीत पूर्ण उजाडलेलं असतं. तिथे वीस मिनिटं थांबा. डबा घरचाच न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सोबत जयसिंगपूरचं भडंग असलं की मुलं गप्प बसतात. बाहेरचं खायचं तर गरम इडली-वडा मिळतो, पण पाच जणांची ऑर्डर म्हटली की वीस मिनिटांची चाळीस होतात. पावणेनऊ-नऊला विजापूर. एक भर: दत्तजयंती बहुतेक वेळा डिसेंबरात येते. त्या दिवशी आणि आदल्या रात्री नृसिंहवाडीला चालत जाणाऱ्यांनी जयसिंगपूर-शिरोळ बाजूचे रस्ते भरलेले असतात, आणि पहाटेच्या अंधारात पायी माणसं म्हणजे ट्रॉलीपेक्षा मोठी काळजी. तो रविवार नको.

खरं तर रविवारच नको. एक दिवस शाळा बुडवून मंगळवार किंवा बुधवार साधता आला तर घुमटातल्या सज्जातली, म्हणजे वरच्या गोल गॅलरीतली, गर्दी निम्म्याने कमी मिळते. शुक्रवार टाळा, घुमटासमोरच्या नगारखान्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय तेव्हा बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी असते. तारीख १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपासची असेल, किंवा बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना सीमेवर काही तापलं असेल, तर आदल्या रात्री बातम्या बघूनच निघा. एरवी एमएच ०९ पाटीला कुणी काही म्हणत नाही. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी मोबाईलमध्ये डिजिलॉकरला असू द्या. पीयूसीची तारीख मात्र आजच बघा, सगळ्यात जास्त वेळा तीच उलटून गेलेली निघते. घरची गाडी न नेता भाड्याची पिवळ्या पाटीची नेणार असाल, तर कर्नाटकात जायचा परवाना आणि कर हा खर्च ठरलेल्या भाड्यात आहे की वेगळा, हे बुकिंगलाच स्पष्ट विचारा. कागवाडला गाडी थांबवून यावर वाद घालण्यात अर्धा तास जातो.

गाडीचं पाहायचं ते फारसं नाही, पण नेमकं आहे. टायरमधली हवा आदल्या संध्याकाळी, गाडी थंड असताना भरा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. तुम्हाला दुसरा हवा. पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करायचं छोटं चाक असेल तर ते १ किंवा २ वर घ्या. बऱ्याच जणांनी ते गाडी घेतल्यापासून फिरवलेलं नसतं. स्टेपनीची हवा बघा. पेट्रोलचा अंदाज सोपा: जाऊन-येऊन आणि गावातलं फिरणं मिळून ४०० किलोमीटर, लिटरला १६ धरले तर २५ लिटर. टाकी कोल्हापुरातच भरून निघालात तर पहाटे बंद पंपांची चिंता नाही. परतीचं थोडं विजापुरात भरा, सीमेपलीकडे दर सहसा जरा कमी असतो.

काच आतून पुसायला विसरू नका. हे किरकोळ वाटतं, पण या सहलीत तेच सगळ्यात जास्त नडतं. विजापूर पूर्वेला आहे. सकाळी अथणीपासून पुढे कोवळा सूर्य थेट समोर, आणि दुपारी परतताना तोच सूर्य पश्चिमेकडून पुन्हा समोर. दोन्ही वेळा तो चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत. काचेवर आतून धुळीचा नि तेलकटपणाचा पातळ थर असतो, एरवी तो दिसत नाही. ऊन तिरपं पडलं की सगळी काच दुधाळ होते आणि समोरची मोटारसायकल त्यात हरवते. जुन्या वर्तमानपत्राने आदल्या रात्री कोरडी घासा. वायपरच्या टाकीत पाणी भरा आणि गॉगल हाताशी ठेवा.

विजापुरात शिरताना एक मोह टाळायचा आहे. अथणीचा रस्ता शहरात पश्चिमेकडून येतो आणि इब्राहिम रोजाही, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आणि मशीद, पश्चिमेलाच. त्यामुळे साहजिक वाटतं की वाटेवरचं आधी बघून घेऊ. तसं करू नका. शहर ओलांडून चार-पाच किलोमीटरवर पूर्वेच्या टोकाला गोल घुमट आहे, तिथे आधी जा आणि मग बघत बघत पश्चिमेकडे परत या. दोन कारणं. घुमटातला आवाजाचा खेळ फक्त सकाळी शांततेत कळतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली दहा-साडेदहापासून यायला लागतात आणि मग वरच्या सज्जात कान देऊन ऐकण्यासारखं काही उरत नाही. दुसरं म्हणजे रोज्यातली कबरीची इमारत मशिदीकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून आहे. दुपार कलली की तिच्यावर समोरून ऊन येतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. शिवाय तिथून निघालात की परतीचा रस्ता जवळच.

पाट्या कानडीत असतात आणि मोठ्या पाट्यांवर नाव विजयपूर असं लिहिलेलं असतं, २०१४ पासून ते अधिकृत आहे. विचारायची वेळ आली तर ‘गोळ गुम्मट एल्लि?’ एवढं पुरतं. अथणीत मराठी सर्रास समजते, विजापुरात हिंदी चालते, आणि तिथली दख्खनी ऐकायला कान द्यावा अशी आहे.

तिकीट भारतीय प्रौढांना २५ रुपयांच्या आसपास, १५ वर्षांखालच्यांना मोफत. उघडायची-बंद व्हायची वेळ निघण्याआधी एकदा पाहून घ्या. ट्रायपॉडला परवानगी लागते, ड्रोन घरीच ठेवा. काही ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात. डिसेंबरात सकाळी फरशी बर्फासारखी, एप्रिलात दुपारी तव्यासारखी. दोन्हीला इलाज एकच, पिशवीत मोजे.

आत शिरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नका. आधी मधल्या दालनात उभे राहा. बाजू सुमारे ४१ मीटरची, चौकोनी, आणि मधे एकही खांब नाही. वरचा घुमट आतून सुमारे ३८ मीटर व्यासाचा, बाहेरून ४४. चौकोनी खोलीवर गोल टोपी बसवायची तर कोपऱ्यांचं काय करायचं, हा बांधणाऱ्यापुढचा प्रश्न होता. मान वर करून कोपऱ्याकडे बघा म्हणजे उत्तर दिसतं. आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत गेल्या आहेत. एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरका ठेवला की जशी आठ टोकांची चांदणी होते, तशी. या छेदांमुळे दगडी काम पायरीपायरीने आत झुकत येतं आणि वर एक गोल कडं तयार होतं. घुमट बसलाय तो त्या कड्यावर. गंमत अशी की घुमटाचं वजन त्याच्या कडा बाहेर ढकलू पाहतं, आणि आत झुकलेलं हे कमानींचं वजन त्यांना आत ओढून धरतं. आठवीतल्या मुलाला हे इथे उभं राहून दाखवा, वहीत चांदणी काढून. पुढे बोर्डाचं गणित काही का करेना. त्या कड्याची आतली कड आणि घुमटाची भिंत यांच्यामधे जी गोल पट्टी उरली, सुमारे ३.२५ मीटर रुंद, तोच वरचा सज्जा.

मधल्या चौथऱ्यावर महंमद आदिलशहा, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि त्याची आवडती नर्तकी रंभा यांच्या कबरी दिसतात. त्या वरच्या खुणा आहेत, खऱ्या कबरी खाली तळघरात. महंमद आदिलशहाची कारकीर्द १६२७ ते १६५६, म्हणजे शहाजीराजे ज्याच्या पदरी होते तोच हा.

वर जायचा जिना कोपऱ्यातल्या सात मजली बुरुजात आहे. पायऱ्या उंच, जिना अरुंद, आणि येणारे-जाणारे एकाच वाटेने. आईंना वर नेऊ नका. चढणं एक वेळ होईल, पण दुखऱ्या गुडघ्यावर जोर येतो तो उतरताना, आणि मधेच थांबावं तर मागे रांग तुंबते. त्यांच्यासाठी खालचं दालन, नगारखान्यातलं संग्रहालय आणि समोरची बाग पुरेशी आहे. घडीचं स्टूल गाडीत टाका. एक मोठं माणूस त्यांच्याबरोबर खाली राहिलं आणि नंतर दोघांनी पाळी बदलली की कुणाचंच चुकत नाही. संग्रहालय सकाळी १० ला उघडतं, तोवर दालनात बसता येतं. तिथेही घुमटाचा आवाज कानावर येतोच.

सज्जात गेल्यावर बहुतेक लोक आरोळी ठोकतात. आरोळीला घुमट अनेकदा उत्तर देतो हे खरं, पण त्याचा खरा गुण कुजबुजीत आहे. करायचं असं: दोघांनी समोरासमोर, व्यासाच्या दोन टोकांना जायचं. बोलणाऱ्याने समोरच्या माणसाकडे बघून बोलायचं नाही. भिंतीला गाल जवळजवळ टेकवायचा, तोंड भिंतीच्या कडेकडेने पुढे आणि आवाज कानगोष्टीएवढा. ऐकणाऱ्याने कान भिंतीशी न्यायचा. सरळ अंतर ३८ मीटर, पण आवाज येतो तो वळणाने, भिंतीला चिकटून, सुमारे ६० मीटर घसरत. मोकळ्या हवेत आवाज सगळीकडे विखुरतो आणि पातळ होत जातो. इथे गोल भिंत त्याला पुन्हा पुन्हा आत वळवत राहते, म्हणून तो पातळ होत नाही. मग कागद फाडून बघा. आगपेटीची काडी ओढण्याचा आवाजही पलीकडे पोचतो, पण काडी पेटवायची नसते, काडीचं उलटं टोक आगपेटीच्या कडेवर घासलं तरी पुरतं. शेवटी एकच टाळी, आणि मग पूर्ण गप्प. ती किती वेळा परत येते हे मुलीला बोटांवर मोजू द्या. एक फेरी साधारण १२० मीटरची, तिला आवाजाला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, त्यामुळे प्रतिध्वनी एकमेकांच्या पाठोपाठ येतात, पण वेगवेगळे मोजता येतात.

आता हे बिघडतं का तेही कळेल. एक टाळी विरायला काही सेकंद जातात. तीस मुलं एकदम ओरडली की कुणाचाच आवाज विरायला सवड मिळत नाही आणि सगळ्याचा मिळून गोंगाट होतो. अशा वेळी चिडून खाली उतरू नका. घुमटाभोवती गच्ची आहे, तिथे बाहेर येऊन वाऱ्यात बसा, शहर बघा. एक सहल आत दहा-पंधरा मिनिटांच्या वर टिकत नाही, आणि दोन सहलींच्या मधे पाच मिनिटांची फट मिळते. ती फट हेरायची. गच्चीत आणि सज्जात दोन्हीकडे चौथीतल्या मुलीचा हात सोडू नका. सज्जाच्या आतल्या कठड्यापलीकडे खाली फरशीपर्यंत ३३ मीटर आहेत.

घुमटाला पावणेदोन तास द्या. पावणेअकराला बाहेर. तिथून जामा मशीद: पहिल्या अली आदिलशहाने बांधायला घेतलेली, कमानींच्या ओळी फार देखण्या, जमिनीवर प्रत्येक नमाज्यासाठी आखलेला काळ्या कडेचा चौकोन. चाळीस मिनिटं.

बारा कमानला मात्र कोल्हापूरकरांनी थांबायलाच हवं. दुसऱ्या अली आदिलशहाची ही अपुरी राहिलेली कबर. छप्पर नाही, घुमट नाही, आभाळाखाली नुसत्या काळ्या कमानी उभ्या. बापापेक्षा मोठं काहीतरी बांधायला निघाला होता असं म्हणतात. १६५९ मध्ये अफझलखान निघाला तो याच्याच दरबारातून, आणि १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडला तोही याच्याच फर्मानाने. पन्हाळा आपण दर पावसाळ्यात बघतो. त्या वेढ्याचं दुसरं टोक इथे आहे. पंचवीस मिनिटांत होतं.

जेवण साडेबाराच्या आधी उरका, नंतर बरी ठिकाणं तुंबतात. खानावळ हा शब्द तिकडेही चालतो. ज्वारीची भाकरी, म्हणजे ‘रोट्टी’, कडक किंवा मऊ मागता येते, सोबत भरल्या वांग्याची एण्णेगायी, शेंगदाण्याची चटणी, दही. तांबडा-पांढऱ्याची आठवण आज काढू नका. आणि जो चालवणार आहे त्याने भाकरी अर्धीच खावी. तीन ते साडेचार, पोट भरलेलं, समोर ऊन आणि सरळ रस्ता, या वेळेला डुलकी लागते. दोघं चालवणारे असाल तर परतीचा पहिला टप्पा जो सकाळी मागे झोपला होता त्याने घ्यावा.

दुपारी आधी मुलूखमैदान तोफ. पश्चिम तटावरच्या शेरजा बुरुजावर आहे, थोड्या पायऱ्या. बडबड्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो ती हीच. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन ५५ टनांच्या घरात, तोंडाला हत्तीला गिळणारा सिंह. मुलांना वीस मिनिटं पुरतात. वेळ कमी पडायला लागला तर कापायची पहिली जागा हीच. जामा मशीद दुसरी.

इब्राहिम रोजा कापायचा नाही. घुमट आकाराने दिपवतो, रोजा हाताच्या कामाने. एका चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, पश्चिमेला मशीद, पूर्वेला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, मधे हौद. कबरीच्या खिडक्यांशी जवळ जाऊन उभे राहा: दगडी जाळी आहे, पण नुसती नक्षी नाही. अक्षरंच कोरून जाळी केली आहे, आणि उजेड त्या अक्षरांच्या फटींतून आत येतो. बाहेरच्या ओवरीचं छतही मान मोडेस्तोवर बघण्यासारखं. इथे आईंनाही आणा. चौथऱ्याच्या थोड्या पायऱ्या आहेत, दोघांचा हात धरून सावकाश होतात, आणि वर बसायला सावली आहे. दोन ते तीन हा तास इथला. घाई नसलेलं ठिकाण आहे.

तीनला गाडी सुरू. आईंची जागा पुढची, सीट पूर्ण मागे सरकवलेली, आणि दर दीड तासाने खाली उतरून चार पावलं. ताठरलेले गुडघे थांबल्यावरच जास्त बोलतात. तिकोट्याच्या भागात द्राक्षबागा आहेत, बेदाणे घ्यायचे असतील तर वाटेतच घ्या, पण पाच मिनिटांत. अथणीत चहा. तिथे दुकानात कोल्हापुरी चपला टांगलेल्या दिसल्या तर नकली म्हणून नाक मुरडू नका. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि अथणीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्या करतात. मापाची एखादी जोडी मिळाली तर भाव करून घ्या, फक्त तेवढ्यासाठी अर्धा तास मोडू नका.

ही सहल जुलै-ऑगस्टला ढकलायचा विचार असेल तर वेगळं बघावं लागतं. तेव्हा ऊस नसतो, पण पूर असतो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकत असेल तर निघूच नका. सकाळी कोरडा असलेला रस्ता संध्याकाळी पाण्याखाली जाऊ शकतो. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, आणि कृष्णेच्या बाजूला अंकली-उदगावलाही तेच. एप्रिल-मे सोडून द्या, चाळिशीपार उन्हात तापलेल्या दगडांवर आईंना आणि मुलांना फिरवण्यात अर्थ नाही.

आणि सगळं करूनही उशीर झाला तर? साडेतीनपर्यंत निघालात तर अथणीनेच या, तेलसंगपर्यंत वेळ भरून काढायच्या फंदात न पडता. साडेतीन ते साडेचार असेल तर जतमार्गे फिरा, अर्धा तास जास्त लागला तरी चालेल. साडेचार उलटून गेले आणि गाडी अजून रोज्याबाहेर असेल, तर विजापुरात खोली घ्या. म्हणून आईंची औषधं आणि मुलांचा एक कपड्यांचा जोड डिकीत असू द्या. मग सकाळी घुमटाचं फाटक उघडताना दारात उभे राहा, सज्जात पहिली टाळी तुमचीच असेल.